बॉनेट शेवटी उघडा

दिघीत आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा एक मुलगा चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग लाइनवर काम करतो. रोज नव्याकोऱ्या गाड्यांचे सांगाडे त्याच्या डोळ्यांपुढून सरकत जातात. त्याचाच उबग आला असावा, कारण त्याला नवी गाडी नको आहे. त्याला हवी आहे सॅन स्टॉर्म.

हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. गोव्यात वेर्ण्याला बनलेली, दोन दारांची, दोनच माणसांची, टप उघडणारी ही छोटी गाडी १९९८च्या सुमारास आली. अंग फायबरचं आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन. आजची साधी हॅचबॅकही तिला चढावर मागे टाकेल. पण भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कार बोटांवर मोजाव्या लागतात आणि त्यात ही एक आहे. मुलगा फोटो घेऊन वर आला. "काका, रविवारी बघायला येता का? तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होतात ना?"

होतो. भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं मायक्रोमीटर धरून उभा होतो. म्हणून गेलो.

तिथे जे झालं ते जुनी गाडी बघायला गेलेल्या प्रत्येकाचं होतं. मालकाने आधी बॉनेट उघडलं. मुलगा, त्याचे दोन मित्र आणि ओळखीचा मेस्त्री असे चौघे आत वाकले. इंजिन चालू झालं, रेस दिली गेली, मेस्त्रीने मान हलवली. दहा मिनिटांत व्यवहार पक्का व्हायच्या बेतात आला. मी तोवर गाडीमागे उकिडवा बसून गालिच्याखाली हात घालत होतो आणि मालकाला ते आवडत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या भागात तरी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं.

कारण साधं आहे. दिघीवरून उतरलं की भोसरी. तिथल्या गल्ल्यांत लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, गिअर कटिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, काय नाही? सिलिंडर झिजला तर बोअर करून स्लीव्ह बसवता येतं. क्रँक ग्राइंड करता येतो. हेड वाकलं असेल तर सरफेस ग्राइंडिंग होतं. न मिळणारा बुश नमुना दाखवून पितळेत करून घेता येतो आणि गिअरचा दात तुटला असेल तर नवा गिअर कापून देणारेही सापडतात. इंजिनातलं धातूचं जवळपास प्रत्येक दुखणं या पट्ट्यात दुरुस्त होतं. पैसे लागतात, पण ते मोजता येतात. म्हणजे इंजिनातला दोष हा घासाघीस करायचा विषय आहे. गाडी घ्यायची की नाही, हे त्यावर ठरत नाही.

भोसरीत बनत नाहीत अशा गोष्टी तीन. कागद, पत्र्याचं मूळ अंग आणि काच. बघायचा क्रमही तोच.

कागदांची कथा स्पोर्ट्स कारच्या बाबतीत किती गुंतागुंतीची होऊ शकते, याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. डीसी अवंती ही गाडी २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली गेली तेव्हा भारताची स्वतःची स्पोर्ट्स कार म्हणून तिचं कौतुक झालं होतं. बसणाऱ्याच्या पाठीमागे रेनोचं दोन लीटरचं टर्बो इंजिन, सहा गिअर आणि २५० अश्वशक्तीचा दावा. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच इंजिन-चेसिस क्रमांकाची गाडी दोन राज्यांत नोंदली गेली आणि गाड्यांवर वित्तसंस्थांकडून कर्जं उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण अशी गाडी कुणी आज विकायला काढली, तर घेणाऱ्याने पहिल्यांदा रंग बघावा की क्रमांक?

क्रमांक बघायचा म्हणजे आरसीवर वाचायचा नाही. तो गाडीवर शोधायचा. चेसिस क्रमांक पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो. आरटीओत पासिंगच्या वेळी असा छाप घेण्याची पद्धत आहे. घरी घेतलेला छाप आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अक्षरांची उंची कमीजास्त आहे का, भोवतीचा पत्रा घासून पुन्हा रंगवलेला दिसतो का, पत्र्याचा तेवढाच तुकडा वेल्ड केलेला आहे का? इंजिनवरच्या क्रमांकाचंही तसंच. जुन्या फियाटमध्ये कुणीतरी कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, आणि आरसीवर इंधन पेट्रोलच राहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम असा बदल परवानगीशिवाय करू देत नाही. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. तुम्ही गाडी घेतलीत की तो बदल तुमचा होतो.

मग परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकायचा. कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, काळ्या यादीत आहे का, हे तिथे कळतं. बोजा दिसत असेल आणि मालक म्हणत असेल की "कर्ज कधीच फिटलं", तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. फार जुन्या गाडीची माहिती संगणकावर नसतेच. आरसी पुस्तक हाताने लिहिलेलं, नंबर १९८९च्या आधीचा, तीन अक्षरी मालिकेतला. अशा वेळी मूळ कार्यालयातून ती नोंद संगणकावर चढवून घेण्याचं काम विकणाऱ्याने करायचं, घेणाऱ्याने नव्हे, हे आधीच ठरवा. एकदा पैसे दिले की ते काम आपोआप तुमच्या गळ्यात पडतं. मला हे अनुभवाने ठाऊक आहे. एका जुन्या स्कूटरपायी मी एका कार्यालयाच्या अकरा चकरा मारल्या होत्या.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला नूतनीकरणासाठी दहा हजार रुपये पडतात आणि बाहेरून आयात झालेल्या मोटारीला ऐंशी हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा. आपली सॅन स्टॉर्म किंवा २००१ साली आलेली फियाट पॅलिओ यांच्या बाबतीत "पासिंग कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न म्हणूनच इंजिनाच्या आवाजाहून महत्त्वाचा. गाडी पन्नास वर्षांची झाली की चित्र पालटतं. २०२१च्या जुलैत आलेल्या नियमांनुसार ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि रोज ऑफिसला न्यायची नाही. कुणी १९८५ची गाडी 'व्हिंटेज' म्हणून खपवत असेल तर हसून सोडून द्या.

आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. परदेशातून कायमचं परतताना माणसं सोबत गाडी आणतात, त्या गाडीवर दोन वर्षं न विकण्याची अट असते. शुल्काचा प्रश्न केवढा वाढू शकतो हे सचिन तेंडुलकरच्या फेरारीने दाखवलं. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल मिळालेल्या त्या ३६० मोडेनाचं आयात शुल्क एक कोटीच्या वर होतं. सरकारने ते माफ केलं म्हणून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी पैसे फियाटने भरले. ती गाडी २०११मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. आपल्यामागे भरायला फियाट उभी नसते.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांबद्दलही एक शब्द. राजधानीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या देखण्या गाड्या इकडे उतरतात. एनओसी हातात आहे का आणि इथला कर कोण भरणार, हे दोन प्रश्न विचारले की बऱ्याचदा फोन बंद होतो.

कागद जुळले की पत्रा.

पत्र्याकडे वळण्याआधी गाडीचं माहेर विचारा. पंधरा पावसाळे वांद्र्याच्या रस्त्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूरला शेडमध्ये झोपलेली गाडी या वेगळ्या जातीच्या असतात. खारं वारं पत्रा आतून खातं. वरचा रंग चकचकीत ठेवणं सोपं असतं, कारण रंगाच्या खाली काय आहे हे फक्त डेंटरला माहीत असतं. रंगाखाली भरलेल्या पुट्टीला आमच्याकडे लांबी म्हणतात. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा तर दोन दिवस जातात, भोकावर जाळी ठेवून लांबी भरली की दोन तासांत काम होतं. वर्षभरात त्या जागी रंगाला बारीक फोड येतात. तोवर गाडी विकली गेलेली असते.

यावरचं हत्यार आठ-दहा रुपयांचं आहे. एक लहान चुंबक, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. दाराखालचा लांब पट्टा, चाकांवरच्या मडगार्डच्या कडा, दाराचा तळ, डिकीत स्टेपनी बसते तो खड्डा, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या खालची कड, या सहा जागांवर ते फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो, लांबी असली की आकडा थेट पाचशे-हजारावर उडी मारतो. मग गालिचा उचला आणि खालचा पत्रा अंगठ्याने दाबा. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल. रेनकोटच्या दिवसांत गाडी बघायला जाणं म्हणूनच चांगलं. विकणाऱ्यांना ते दिवस आवडत नाहीत.

टप उघडणाऱ्या गाडीची एक खास परीक्षा आहे. बंद गाडीत छत हाही सांगाड्याचा भाग असतो. उघड्या गाडीत सगळा भार दाराखालच्या पट्ट्यांवर येतो. ते कुजले की गाडी मधोमध खचते. आधी दार उघडून-बंद करून बघा, मग मागच्या चाकापुढे जॅक लावून एक बाजू जरा उचला आणि तेच दार पुन्हा उघडा. आता ते अडकलं, किंवा फट वरून रुंद आणि खालून अरुंद झाली, तर नमस्कार करून निघा. मोठ्या हौसेने घेतलेल्या, आयात केलेल्या जुन्या एमजी-ट्रायम्फ गाड्यांनाही ही परीक्षा लागू आहे.

सॅन स्टॉर्म आणि अवंतीसारख्या गाड्यांवर चुंबक हरतं, कारण वरचं अंग फायबरचं. पुष्कळ जण त्यामुळे निर्धास्त होतात. फायबरला गंज कुठे लागतो? लागत नाही, पण खालच्या पोलादाला लागतो, आणि फायबर तो झाकून ठेवतं. अंग जिथे बोल्टने सांगाड्याला धरलंय त्या जागा बॅटरी मारून बघा. वरती तिरप्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात का? त्या ठोकर लागल्याच्या खुणा. आणि रुपयाचं नाणं घेऊन पॅनेलवर हलकेच टकटक करत जा. सलग 'टक-टक' वाजत असताना मध्येच 'ढब' असा बद्द आवाज आला, तर तिथले थर सुटलेत. देवळासाठी नारळ निवडताना जो कान लावतो, तोच लावायचा. त्या रविवारी डाव्या मागच्या कोपऱ्यात मला 'ढब' ऐकू आलं. मालक म्हणाला, "फायबर आहे काका, तसंच वाजतं." मग उजवा कोपरा का तसा वाजत नव्हता?

तिसरी गोष्ट काच. काच, रबर बीडिंग, दिवे, दाराची मुठ, मीटर, हे सगळं किरकोळ वाटतं आणि तिथेच जुन्या गाडीचा मालक रडकुंडीला येतो. आमच्या पिंपरीत बनलेली पहिली टाटा सिएरा घ्या. १९९१ची ती तीन दारांची गाडी स्पोर्ट्स कार नव्हे, पण आज तिच्यामागे हौशी लोक लागलेत ते स्पोर्ट्स कारच्याच वेडाने. तिची ओळख म्हणजे मागच्या बाजूंच्या त्या मोठ्या, छतात वळत गेलेल्या काचा. इंजिनाचं काय, ते टाटाच्या इतर गाड्यांतही होतं, मेस्त्रींना तोंडपाठ आहे. ती वळलेली काच फुटली की मात्र नाना पेठ, जुना बाजार, मुंबईचं कुर्ला, सगळीकडे फोन फिरतात. पूर्वी कुदळवाडीच्या भंगारातही काही हाती लागायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली गोदामं जमीनदोस्त केली, तेव्हापासून तोही रस्ता बंद झाला. सॅन स्टॉर्मचं इंजिन परदेशात क्लिओ, ट्विंगो अशा गाड्यांत होतं, म्हणजे त्याचे भाग जगात कुठेतरी मिळतील. पण तिची पुढची काच फक्त तिचीच आहे. म्हणून काचेवर चीर असेल तर ती चीर किमतीत धरू नका, पर्यायी काच कुठे मिळेल याचं उत्तर मिळेपर्यंत व्यवहारच थांबवा.

आणि वायरिंग. १९९५मध्ये मर्सिडीजने भारतात पहिली गाडी जुळवली ती पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. ती डब्ल्यू-१२४ आज अभिजात मानली जाते. पण त्याच सुमाराच्या या मॉडेलच्या अनेक इंजिनांच्या वायरिंगवरचं वेष्टण पर्यावरणाला पोषक म्हणून अशा द्रव्याचं केलं होतं, की ते उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. तांब्याच्या तारा उघड्या होतात आणि गाडी नाही नाही ते चाळे करू लागते. अशा गाडीत इंजिनाजवळची वायर हलकेच वाकवून बघा. बिस्किटासारखी तुटली तर संपूर्ण हार्नेस बदलणं आलं. नाहीतर जो तो मेस्त्री वेगळा सेन्सर बदलत बसतो.

हे सगळं पार पडलं तर बॉनेट.

मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर तळवा ठेवा. कोमट लागलं तर पुन्हा कधीतरी येऊ म्हणावं. थंड इंजिन खोटं बोलत नाही, गरम इंजिन बोलतं. सुरू होताना निळसर धूर निघाला तर तेल जळतंय. रेस दिल्यावर निळा आला तर बहुधा रिंगा गेल्या, रेस सोडल्यावर आला तर व्हॉल्व्हची सीलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, तो कार्ब्युरेटर साफ करून सुटतो. पांढरा, न थांबणारा धूर आणि तेलाच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा थर, ही जोडी आली की हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नाही ना, हे पाहा. टॅपेटची टिकटिक चालेल. खालून येणारी जड ठोक चालणार नाही. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल, पॅलिओच्या १.६ लीटरसारखं, तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं.

पॅलिओचा विषय निघालाच आहे तर, तिची सचिनच्या नावाची एस-१० आवृत्ती निवडक संख्येत निघाली होती. स्टिकर कुठल्याही गाडीवर चिकटतं. आरसीवरचं मॉडेलचं नाव चिकटवता येत नाही.

उभ्या राहिलेल्या गाडीचा धोका चाललेल्या गाडीपेक्षा मोठा. 'फक्त बारा हजार किलोमीटर' ऐकून हुरळू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आत पिस्टन धरतात. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१४ म्हणजे २०१४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी दिसली तरी रबर दगड झालेलं असतं आणि पहिल्याच पावसात कळतं. त्यात आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते ओल ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज-गाळ सुटा करून थेट कार्ब्युरेटरकडे पाठवतं. २००० सालच्या आसपासची कुठलीही गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. टाकी खोलून धुण्याचा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसवण्याचा खर्च पहिल्या महिन्यातच धरा.

चालवून बघायला आमच्याकडे आळंदी रस्ता आहे. मॅगझिन चौकातून आळंदीकडे निघालं की वाटेत खड्डे, स्पीडब्रेकर, वळणं आणि थोडा मोकळा पट्टा, सगळं मिळतं. वळताना मोकळ्या हाताने स्टिअरिंग परत येतंय का, ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढते, तिसऱ्या गिअरमध्ये एकदम पाय काढला तर गिअर निसटतो का, एवढं बघा. रेडिओ बंद. मालकाची बडबडही जमल्यास बंद. पालखी प्रस्थानाच्या दिवशी मात्र हा बेत करू नये. आमच्या या खालच्या मजल्यावरच्या मुलाने केला होता. लाखो वारकऱ्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये दीड तास चालून त्याला क्लच आणि रेडिएटर या दोन्हींची परीक्षा आपोआप मिळाली, हे खरं.

ती सॅन स्टॉर्म शेवटी घेतली नाही. 'ढब' आवाजामुळे नाही. चेसिस क्रमांकाच्या छापात शेवटचे तीन आकडे उमटलेच नाहीत आणि मालकाकडे आरसीची रंगीत झेरॉक्स होती, मूळ प्रत 'गावाला'. मुलगा दर आठवड्याला फोन करून मूळ प्रत आली का विचारतो. अजून आलेली नाही.

दरम्यान त्याने माझं चुंबक उसनं नेलं. परवा संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरलो तर तो माझ्याच बारा वर्षांच्या गाडीभोवती फिरत होता. उजव्या मागच्या मडगार्डवर त्याने चुंबक लावलं, ते टपकन खाली पडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चल, वर चहा घेऊ."